ताऱ्याची साक्ष

तारे लुकलुकतात आणि ग्रह स्थिर तेजानें तळपतात, हा ओळखीचा घरगुती नियम आपल्याकडे आजोबा नातवंडांस पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. नियम ठीक आहे; परंतु त्याचें कारण विचारलें तर बहुतेक घरांत उत्तर मिळत नाहीं. लुकलुक मुळीं ताऱ्याची नव्हेच. तारा आपल्या जागीं शांतपणें प्रकाशत असतो. वर्षानुवर्षें, कित्येकदां शेंकडों वर्षें, पोकळींतून सरळ चालत आलेला त्याचा प्रकाश अगदीं शेवटीं पृथ्वीच्या हवेंत शिरतो आणि दाट हवेचे ते दहावीस किलोमीटर ओलांडण्यास त्याला सेकंदाचा दहा-हजारावा भागही लागत नाहीं. एवढ्या शेवटच्या क्षणांत त्याची वाट बिघडते. तारा हा आपणांस केवळ बिंदु असल्यामुळें तो बिघाड लुकलुकीच्या रूपानें दिसतो. ग्रहाला लहानसें कां होईना बिंब असतें, त्याच्या निरनिराळ्या भागांची लुकलुक एकमेकींत जिरते, आणि तो स्थिर भासतो.

या महिन्यांत आम्ही या बिघाडाविषयीं, किंबहुना तो बिघाड मोजण्याच्या युक्तीविषयीं, लिहिणार आहों. आकार बदलणाऱ्या आरशांनीं हवेचा दोष नाहींसा केल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून अधूनमधून येतात. आरशाची कीर्ति होते. दोष किती व कोठें आहे हें आरशाला सांगणाऱ्या मापकाचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. आमच्या मतें या साऱ्या कारभारांतील कठीण काम मोजण्याचें आहे, आणि तें कां, हें पुढील मजकुरावरून वाचकांच्या ध्यानांत येईल.

प्रथम दोषाचें स्वरूप पाहूं. हवा ही एकजिनसी वस्तु नव्हे. उष्ण व थंड हवेचे लहानमोठे गोळे तिच्यांत सतत एकमेकांत मिसळत आणि वाऱ्याबरोबर वाहत असतात. वैशाखांतल्या दुपारीं तापलेल्या सडकेवरून पाहिलें असतां पलीकडचें झाड हेलकावतांना दिसतें, किंवा पेटलेल्या शेगडीवरून पाहिलें असतां समोरचें फडताळ थरथरतें, तो याच मिश्रणाचा परिणाम. थंड हवा अधिक दाट, म्हणून तींतून प्रकाश किंचित् सावकाश जातो. उष्ण हवेंतून किंचित् वेगानें जातो.

पंढरीच्या वाटेवर दिंडींतील माणसें एकमेकांच्या खांद्यास खांदा लावून एका ओळींत चाललीं आहेत अशी कल्पना करा. सगळ्यांच्या पायांखालीं सारखी सडक असेल तोंवर ओळ सरळ राहील. परंतु मधल्या कांहीं जणांना नांगरलेल्या शेतांतून जावें लागलें तर ते मागें पडतील आणि ओळ वांकडी होईल. ताऱ्याकडून येणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची अशीच एक आघाडी असते. तिला शास्त्रज्ञ तरंगाग्र म्हणतात. अंतराळांत तें कांचेच्या तावदानासारखें सपाट असतें. हवेंतून खालीं येईपर्यंत त्याला खळगे व उंचवटे पडतात. हे खळगे कांहीं सहस्रांश मिलिमीटर खोल असतात. वाचकांस हें क्षुल्लक वाटेल. परंतु प्रकाशाची एक लाट स्वतःच मिलिमीटराच्या दोन-हजाराव्या भागाएवढी असते, आणि चित्र स्वच्छ उमटण्यास तरंगाग्र त्याही लांबीच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे वांकडें असून चालत नाहीं.

नुकसान किती होतें तेंही आंकड्यांनीं पाहिलेलें बरें. पंचांग पाहणाऱ्या घरांत अंश, कला व विकला हीं मापें परकीं नाहींत. अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला. दोन सेंटिमीटर रुंदीचें नाणें चार किलोमीटरांवरून पाहिलें तर तें सुमारें एक विकला रुंद दिसेल. उत्तमांतल्या उत्तम पर्वतशिखरावरही हवा ताऱ्याच्या बिंदूचा सुमारें अर्धी ते एक विकला रुंदीचा डाग करून सोडते. आतां दहा मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण घ्या. हवा आड नसती तर दृश्य प्रकाशांत तिला विकलेच्या ऐंशीव्या भागापर्यंत बारकावा दिसला असता. हवेमुळें तिला दहा-वीस सेंटिमीटरांच्या हौशी दुर्बिणीहून फारसा अधिक बारकावा दिसत नाहीं. अधिक प्रकाश गोळा होतो इतकेंच; दृष्टि मात्र तीच.

न्यूटननें १७०४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत ही अडचण नमूद केली होती, आणि उंच पर्वतांवरील शांत हवेचा आश्रय करणें एवढाच तीवर उपाय आहे असें त्याचें मत होतें. पुढील अडीचशें वर्षें ज्योतिर्विदांनीं तोच मार्ग धरला. वेधशाळा डोंगरांवर चढल्या. हवाई बेटावरील मौना केआच्या ४,२०० मीटर उंच माथ्यावरही दुर्बिणी उभ्या राहिल्या. त्यानें दोष कमी झाला, गेला नाहीं.

दोष घालवावयाचा तर तो आधीं मोजला पाहिजे. परंतु पोकळींतून येणाऱ्या लाटेचा वांकडेपणा मोजावा तरी कसा? तिला कोणी हात लावूं शकत नाहीं, फूटपट्टी लावूं शकत नाहीं. या कोड्याचें उत्तर इतकें साधें आहे कीं त्याचा प्रयोग वाचकांस घरींच करतां येईल. जाड कागदाच्या एका तुकड्यास टांचणीनें दोन छिद्रें पाडा. दोहोंमध्यें दोन मिलिमीटरांचें अंतर असावें, म्हणजे दोन्ही एकदम डोळ्याच्या बाहुलीसमोर येतील. कागद डोळ्यास अगदीं लागून धरा, दुसरा डोळा मिटा, आणि वीतभर अंतरावर एक सुई उभी धरा. आतां सुईकडे न पाहतां पलीकडच्या लांबच्या वस्तूवर नजर लावा. एका सुईच्या दोन सुया दिसतील. नजर सुईवर आणा, दोहोंची एक होईल. जेसुइट पंडित क्रिस्टोफ शायनर यानें १६१९ सालीं नेत्रविषयक आपल्या ग्रंथांत हा प्रयोग दिला आहे. चष्मा लावल्याशिवाय दूरचें न दिसणाऱ्या गृहस्थांनीं चष्मा काढून दूरच्या दिव्याकडे या छिद्रांतून पाहावें. त्यांना दोन दिवे दिसतील.

यांत घडतें काय? डोळ्याचें भिंग वस्तूवर बरोबर बसलें असेल तर दोन्ही छिद्रांतून आलेले किरण पडद्यावर एकाच ठिकाणीं मिळतात. बसलें नसेल तर ते निरनिराळ्या ठिकाणीं पडतात; आणि ते किती दूर पडले यावरून दोष किती तें कळतें. लाटेस स्पर्श न करतां तिचा कल समजला. तरंगाग्र मोजण्याची सारी विद्या या एका वाक्यांत आहे: लाटेचा जो तुकडा तिरका झाला असेल त्याचा ठिपका आपल्या जागेवरून सरकतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींतील पोट्सडाम वेधशाळेच्या योहानेस हार्टमान यांना तेथील मोठ्या दुर्बिणीच्या ८० सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची परीक्षा करावयाची होती. त्यांनीं दोन छिद्रांच्या ऐवजीं पुष्कळ छिद्रें पाडलेला पडदा भिंगासमोर धरला, आणि प्रत्येक छिद्रांतून आलेल्या किरणाचा ठिपका छायाचित्राच्या कांचेवर कोठें पडतो तें मोजलें. भिंगाचा कोणता भाग किती चुकला आहे, याचा जणूं नकाशाच त्यांना मिळाला. परंतु हार्टमान कांचेचा दोष मोजीत होते. कांचेचा दोष आज आहे तो उद्यांही तेथेंच असतो. हवेचा दोष सेकंदाच्या शंभराव्या भागांत बदलतो.

त्या पळत्या दोषाचा पाठलाग करण्याची कल्पना अमेरिकेंतील माउंट विल्सन व पॅलोमार वेधशाळांचे ज्योतिर्विद होरेस बॅबकॉक यांनीं १९५३ सालीं मांडली. एखाद्या तेजस्वी ताऱ्याच्या प्रकाशावरून क्षणोक्षणीं तरंगाग्र मोजावें, आणि आरशावर तेलाचा पातळ थर पसरून विद्युत्कणांच्या झोतानें त्या थरांत उलटे खळगे व उंचवटे उठवावे, म्हणजे लाट पुन्हां सपाट होईल, अशी त्यांची योजना होती. योजना बरोबर होती; तिच्याजोगीं साधनें मात्र नव्हतीं. क्षीण प्रकाश टिपणारे जलद ग्राहक नव्हते, आणि सेकंदाला शेंकडों वेळां गणित करणारीं यंत्रें नव्हतीं. ती कल्पना ज्योतिर्विदांच्या आकाशांत उतरण्यास पुढें छत्तीस वर्षें लागलीं.

दरम्यान मापकांत एक मोठी सुधारणा झाली. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या वायुदलास जमिनीवरून घेतलेलीं कृत्रिम उपग्रहांचीं छायाचित्रें अधिक स्पष्ट हवीं होतीं. अॅरिझोना विद्यापीठांतील रोलंड शॅक यांच्यापुढें तो प्रश्न आला. हार्टमानच्या पडद्यांत बहुतेक प्रकाश छिद्रांमधल्या जागेवर अडून फुकट जाई. शॅक यांनीं छिद्रांच्या जागीं एकमेकांस चिकटलेलीं चिमुकलीं भिंगें बसविण्याचें ठरविलें, आणि बेन प्लॅट यांच्यासह तीं प्रत्यक्ष तयार केलीं. आतां प्रकाश वायां जाईना. शिवाय प्रत्येक भिंग आपल्या वांट्याचा प्रकाश एका बारीक ठिपक्यांत एकवटूं लागलें. शॅक-हार्टमान या जोडनांवाचा हा मापक आज जगांतील बहुतेक मोठ्या वेधशाळांत आहे.

त्याचें काम असें चालतें. दुर्बिणींत आलेल्या प्रकाशाचा एक भाग बाजूस काढून या भिंगांच्या जाळीवर सोडतात. जाळींतील एकेक भिंग म्हणजे दुर्बिणीच्या मोठ्या आरशाचा एकेक चौकोन. लाट सपाट असेल तर सर्व ठिपके रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणें सारख्या अंतरावर पडतात. लाट वांकडी असेल तर कांहीं ठिपके डावीकडे, कांहीं वर, कांहीं खालीं सरकतात. ठिपका किती सरकला यावरून त्या चौकोनापुरती लाटेची चढण कळते. आणि शेजारशेजारच्या चढणी जोडीत गेलें कीं साऱ्या लाटेचा आकार हातीं येतो, जसा पायऱ्यांची उंची मोजीत गेल्यास घाटाचा आकार कळतो. गणकयंत्र तो आकार आरशाकडे पाठवितें. आरशाच्या पाठीमागें शेंकडों सूक्ष्म खुंट असतात. ते त्याला उलट्या आकारांत ढकलतात वा ओढतात.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मापक आरशाच्या आधीं नसून नंतर बसविलेला असतो. म्हणजे तो मूळ दोष मोजीत नाहीं, दुरुस्तीनंतर उरलेला दोष मोजतो. तंबोरा लावणारा खुंटी पिळतो, तार छेडून ऐकतो, पुन्हां किंचित् पिळतो, पुन्हां ऐकतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं येथें ऐकणें व पिळणें सेकंदाला शेंकडों, क्वचित् हजारांवर वेळां घडतें, आणि वारा तार सतत उतरवीत असतो. मोजण्यास क्षणभर उशीर झाला तर आरसा होऊन गेलेल्या दोषावर इलाज करीत बसेल, आणि चित्र सुधारण्याऐवजीं बिघडेल.

१९८९ च्या ऑक्टोबरांत फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेच्या १.५२ मीटर दुर्बिणीस अशी योजना जोडण्यांत आली. तिच्या आरशास अवघे १९ खुंट होते. तरी अवरक्त प्रकाशांत, म्हणजे तांबड्या रंगापलीकडील डोळ्यांस न दिसणाऱ्या प्रकाशांत, ताऱ्याचें चित्र जवळजवळ तितकें बारीक उमटलें जितकें हवा नसतांना उमटलें असतें. अवरक्त प्रकाशाची लाट लांब असल्यामुळें तिच्या बाबतींत तोच खळगा कमी त्रासदायक होतो. म्हणून या विद्येचे पहिले विजय त्या प्रकाशांतच झाले. पुढल्याच वर्षीं ही योजना चिलींतील ला सिया येथील ३.६ मीटर दुर्बिणीवर गेली.

आतां खऱ्या अडचणीकडे वळूं. मापकास साक्षीदार लागतो. जो तारा मुळांत बिंदु आहे हें आपणांस ठाऊक आहे, त्याच्याच बिघडलेल्या प्रकाशावरून हवेचा अपराध सिद्ध करतां येतो. हा साक्षीदार तेजस्वी हवा, कारण त्याच्या प्रकाशाची वांटणी फार होते. आरशाचे ३०० चौकोन केले आणि सेकंदाला ५०० वेळां मोजलें, तर प्रत्येक मोजणीच्या वांट्यास सेकंदभराच्या प्रकाशाचा दीड-लाखावा भाग येतो. शिवाय साक्षीदार आपल्या पाहावयाच्या वस्तूच्या अगदीं जवळ, थोड्याच विकलांच्या अंतरावर हवा. नाहीं तर त्याचा प्रकाश निराळ्या हवेंतून येतो आणि त्याची साक्ष दुसऱ्याच खटल्याची ठरते. असे तेजस्वी तारे आकाशांत विरळा. जेथें पाहावयाचें तेथें साक्षीदार नाहीं, आणि साक्षीदार आहे तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं, अशी ज्योतिर्विदांची स्थिति झाली.

योग्य साक्षीदार निवडल्यानें काय साधतें, याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्याच आकाशगंगेच्या मध्यभागीं आहे. धनु राशीच्या दिशेस सुमारें २६,००० प्रकाशवर्षांवर हा मध्य आहे. त्याच्या आणि आपल्या मध्यें धुळीचे इतके दाट पडदे आहेत कीं तेथून निघालेल्या दृश्य प्रकाशाचा सुमारें एक लक्ष कोटींतला एक भाग आपणांपर्यंत पोंचतो. अवरक्त प्रकाशाचा मात्र दहावा भाग तरी येतो. बहुतेक मापक तेव्हां दृश्य प्रकाशावर चालत. त्यांना तेथें साक्षीस योग्य असा तेजस्वी तारा जवळ सांपडणें कठीण होतें. चिलींतील सेरो पारानाल येथील ८.२ मीटर दुर्बिणीवर २००१ च्या अखेरीस जी 'नाको' नांवाची योजना बसविली, तींत दृश्य प्रकाशाच्या मापकाबरोबर अवरक्त प्रकाशावर चालणारा दुसरा मापकही होता. त्या मापकास मध्यापासून सहा विकलांच्या आंत, आयआरएस-७ नांवाचा, अवरक्त प्रकाशांत अत्यंत तेजस्वी असा एक तांबडा राक्षसी तारा दिसत होता. त्यालाच साक्षीदार केलें.

राइनहार्ड गेन्झेल आणि त्यांचे सहकारी १९९२ पासून या भागाचे वेध घेत होते. २००२ च्या वसंतांत एस-२ हा तारा मध्यबिंदूच्या अगदीं जवळून, सुमारें १७ प्रकाशतासांच्या अंतरावरून, वळसा घेऊन गेला, आणि नव्या योजनेमुळें तो वळसा स्पष्ट टिपतां आला. आंद्रेया घेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हवाई बेटावरील केक दुर्बिणीनें याच ताऱ्यांचा स्वतंत्रपणें मागोवा घेतला होता. एस-२ ची प्रदक्षिणा सुमारें सोळा वर्षांची आहे; २०१८ सालीं तो पुन्हां जवळ आला, तेव्हां त्याचा वेग सेकंदाला सुमारें ७,७०० किलोमीटर होता. एवढ्या वेगानें त्याला फिरविणारी मध्यवर्ती वस्तु सुमारें चाळीस लक्ष सूर्यांइतकी जड असली पाहिजे, आणि इतक्या थोड्या जागेंत इतकें द्रव्य कृष्णविवराखेरीज दुसऱ्या कोणत्याही ज्ञात रूपांत मावत नाहीं. या कार्याबद्दल गेन्झेल व घेझ यांना २०२० च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा रॉजर पेनरोझ यांना त्यांच्या गणिताबद्दल मिळाला. आयआरएस-७ ताऱ्याचें नांव त्या समारंभांत कोणी घेतलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परंतु त्याच्या साक्षीवांचून तें चित्र तितकें स्वच्छ उमटलें नसतें.

जेथें साक्षीदार नाहीं तेथें काय करावें? तो निर्माण करावा, असें उत्तर निघालें. पृथ्वीपासून सुमारें ९० किलोमीटर उंचीवर सोडियमच्या अणूंचा एक विरळ थर आहे. जळून जाणाऱ्या उल्कांनीं मागें टाकलेलें तें धन. सडकेवरील जुन्या पिवळ्या दिव्यांच्या रंगाचा लेसर झोत वर सोडला तर ते अणु चमकूं लागतात आणि दुर्बिणीसमोर एक कृत्रिम तारा उभा राहतो.

या कल्पनेचा इतिहास विचार करावयास लावणारा आहे. प्रिन्स्टनचे विल्यम हॅपर यांनीं ती १९८२ सालीं अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कामांत सुचविली, आणि ती लगेच गुप्त झाली. शत्रूचे उपग्रह न्याहाळण्यास ती उपयोगीं होती. फ्रान्समधील रेनो फॉय व आंत्वान लाबेरी या दोघां ज्योतिर्विदांनीं १९८५ सालीं कृत्रिम ताऱ्याची कल्पना स्वतंत्रपणें शोधून उघडपणें प्रसिद्ध केली. शीतयुद्ध ओसरल्यावर, १९९१ सालीं, अमेरिकेनें आपलें काम खुलें केलें, तेव्हां जगांतील ज्योतिर्विदांस कळलें कीं आपण ज्या वाटेनें चांचपडत चाललों होतों ती वाट दुसरे लोक मुक्यानें पुष्कळ पुढपर्यंत तुडवून गेले आहेत. राष्ट्राच्या संरक्षणास गुप्तता लागते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु कुलुपांत ठेवलेली विद्या दुसऱ्यांस पुन्हां पहिल्यापासून शोधावी लागते, आणि त्यांत माणसांच्या आयुष्यांतील उमेदीचीं वर्षें खर्चीं पडतात, याचा हिशेब कोणत्याही दप्तरांत ठेवला जात नाहीं. जी विद्या कोणाचेंच नुकसान न करतां आकाश स्वच्छ दाखविते तिच्या बाबतींत हा हिशेब मांडला गेला पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

कृत्रिम तारा मिळाला म्हणून साऱ्या अडचणी मिटल्या असें मात्र नाहीं. आपणच पाठविलेला साक्षीदार आपणांस सर्वच सांगूं शकत नाहीं. लेसरचा झोत वर जातांना हवा त्याला डावीकडे ढकलते. परत येतांना त्याच हवेंतून आल्यामुळें तो धक्का बहुतेक फिटतो. म्हणून एकंदर चित्र किती डावी-उजवीकडे हललें हें कृत्रिम ताऱ्यावरून समजत नाहीं. तेवढ्यापुरता एक खरा तारा लागतोच. तो थोडा मंद व थोडा दूर असला तरी चालतो. दुसरें असें कीं खरा तारा जवळजवळ अनंत अंतरावर असतो, कृत्रिम तारा अवघ्या ९० किलोमीटरांवर. त्याचा प्रकाश शंकूसारखा निमुळता येतो आणि कडेची बरीच हवा मोजावयाची राहून जाते. म्हणून मोठ्या दुर्बिणींस एकाहून अधिक लेसर लागतात. पारानाल येथील एका दुर्बिणीवर २०१६ पासून असे चार झोत आहेत.

मापकांचेही प्रकार वाढत गेले. फ्रांस्वा रोदिए यांनीं १९८८ सालीं चढणीऐवजीं लाटेची वक्रता मोजण्याची रीत मांडली. इटलींतील रोबेर्तो रागाझोनी यांनीं १९९६ सालीं चिमुकल्या कांचेच्या पिरॅमिडच्या टोंकावर ताऱ्याचें चित्र पाडून त्याचे चार भाग करण्याची युक्ति काढली. ठिपका जसजसा बारीक होत जातो तसतशी तिची संवेदना वाढते. अॅरिझोनांतील जोड-आरशांच्या मोठ्या दुर्बिणीवर २०१० सालीं या पिरॅमिडनें अवरक्त प्रकाशांत फार सुंदर चित्रें दिलीं.

महाराष्ट्राचाही या कामास हातभार लागला आहे, हें सांगण्यास आम्हांस संतोष वाटतो. पुण्याच्या 'आयुका' या संस्थेनें कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्यानें 'रोबो-एओ' नांवाची योजना तयार केली, आणि ती पॅलोमार येथील ६० इंची दुर्बिणीवर बसविण्यांत आली. लेसर सोडणें, दोष मोजणें, आरसा वळविणें आणि पुढल्या ताऱ्याकडे जाणें, हें सर्व ती माणसाच्या मदतीवांचून आपोआप करी. तिचा लेसर जंबुपार, म्हणजे डोळ्यांस न दिसणारा, असल्यामुळें विमान चालविणारांचे डोळे दिपण्याचें भय नव्हतें. आणि तो सोडियमच्या थरापर्यंत न जातां सुमारें दहा किलोमीटर उंचीवरील हवेवरून परतणारा प्रकाश वापरी. मोठ्या दुर्बिणीचा वेळ दुर्मिळ असतो; ही योजना मात्र एकेका रात्रींत शेंकडों तारे पाहूं शके. केप्लर अवकाशयानास ज्या हजारों ताऱ्यांभोंवतीं ग्रह असल्याचा संशय आला होता, त्यांच्या शेजारीं दुसरा तारा दडलेला नाहीं ना, हें तिनें तपासलें. असा शेजारी असल्यास ग्रहाचा आकार चुकीचा ठरतो.

ही विद्या फिरून डोळ्याकडेही आली आहे. १९९४ सालीं हायडेलबर्ग येथें योझेफ बिले व जुन्झोंग लिआंग यांनीं शॅक-हार्टमान मापक मनुष्याच्या डोळ्यास लावला. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचा सूक्ष्म बिंदु पाडावयाचा, तो परावर्तित होऊन बाहेर येतांना बाहुलीच्या वाटेवर जो वांकडेपणा घेऊन येतो तो मोजावयाचा. हवेच्या जागीं आतां बुबुळ व भिंग. १९९७ सालीं रॉचेस्टर येथें डेव्हिड विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हाच दोष आरशानें दुरुस्त करून जिवंत डोळ्यांतील एकेक प्रकाशग्राही पेशी पाहिली. चष्म्याचा नंबर घालविण्याच्या लेसर शस्त्रक्रियेपूर्वीं पुष्कळ नेत्ररुग्णालयांत डोळ्याचा जो नकाशा काढतात, त्यांतील एक प्रकार याच मापकाचा असतो. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं त्या यंत्रासमोर हनुवटी टेकून बसण्याचा अनुभव घेतला असेल. शायनरच्या दोन छिद्रांपासून निघालेली ही वाट आकाशगंगेचा मध्य पाहून पुन्हां डोळ्यापाशीं पोंचली आहे.

चिलींतील सेरो आर्माझोनेस या डोंगरावर ३९ मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभी राहत आहे. तिच्या लवचीक आरशाच्या पाठीशीं पांच हजारांवर खुंट असतील, आणि तिला अनेक लेसर तारे लागतील. एवढ्या खुंटांना सेकंदाला शेंकडों वेळां बरोबर हुकूम देणें हें काम अर्थातच मापकाकडे आहे. तो ज्या प्रकाशावर जगतो तो प्रकाश चित्रांत कधींच उतरत नाहीं. मोजण्यासाठीं तो खर्ची पडतो. काटकसरी ज्योतिर्विदांस हा खर्च सुरुवातीस जड वाटला असेल. परंतु दोष कोठें व किती आहे हें ठाऊक नसतां केलेली दुरुस्ती म्हणजे दुसरा दोषच होय, हें पळत्या हवेनें त्यांना शिकविलें. दुर्बिणी यापुढेंही मोठ्या होत जातील. आणि त्यांतील प्रत्येकीस, लेसर कितीही असले तरी, एखादा खरा तारा साक्षीस उभा करावाच लागेल.